वेगवान बोटींचे रॉकर का तुटतात

मिसूरी राज्यातले लेक ऑफ द ओझार्क्स, कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोना यांच्या सीमेवरचे लेक हावासू, फ्लोरिडात मायामीपासून की वेस्टपर्यंतचा किनारा. ताशी शंभर मैलांच्या पुढे पळणाऱ्या पेट्रोल बोटींचा हा मुलूख. या बोटींमध्ये अनेक दशके सगळ्यात जास्त दिसलेले इंजिन म्हणजे शेव्हर्लेचे ‘बिग ब्लॉक’ व्ही-८. ते १९६५ मध्ये आले, मोटारी आणि ट्रकसाठी. मर्क्युरीसारख्या कंपन्यांनी आणि असंख्य छोट्या वर्कशॉपनी त्याला समुद्री साज चढवला, ताकद दुप्पट-तिप्पट केली आणि बोटीत बसवले. जमिनीवर हे इंजिन वर्षानुवर्षे निमूट चालते. पाण्यात मात्र हंगामाच्या मध्यावरच टॅपेट कव्हर उघडावे लागते आणि आत एखादा रॉकर दोन तुकडे होऊन पडलेला असतो.

पुढे काय होते तेही ठरलेले आहे. मालक बाजारातला सगळ्यात दणकट रॉकर आणतो, मेकॅनिक तो बसवतो, बोट पाण्यात जाते. काही तासांनी त्याच सिलिंडरचा स्टड तुटतो, पुशरॉड वाकतो किंवा लिफ्टरचे चाक फुटते. दणकट रॉकरने दुखणे बरे केलेले नसते, फक्त शेजाऱ्याकडे सरकवलेले असते. या विषयावर गेल्या काही दशकांत जे शिकले गेले त्याचा आढावा घेताना माझे मत पहिल्यापासून पक्के होत गेले: रॉकर स्वतःच्या दोषाने क्वचित तुटतो. तो कशामुळे तुटला याचा तपास स्प्रिंग, तेल, पंखा (प्रोपेलर) आणि एक्झॉस्टमधले पाणी या चार ठिकाणी करावा लागतो.

रॉकर म्हणजे मुळात मुलांच्या बागेतला सी-सॉ. एका टोकाला खालून पुशरॉड ढकलतो, दुसरे टोक व्हॉल्व्हला खाली दाबते, मधला टेकू हेडमध्ये बसवलेल्या स्टडवर असतो. ही स्टडवरची रचना १९५५ च्या शेव्हर्ले आणि पॉन्टियाकच्या व्ही-८ इंजिनांबरोबर सर्वदूर पोहोचली. पत्र्यातून ठोकून काढलेला रॉकर, अर्धगोल टेकू आणि एक नट, इतके स्वस्त आणि हलके काम. बिग ब्लॉकमध्ये टेकू मधोमध नसतो. व्हॉल्व्हकडची भुजा पुशरॉडकडच्या भुजेच्या १.७ पट लांब असते, म्हणून कॅमने पुशरॉडखालचा लिफ्टर १ मिलिमीटर उचलला की व्हॉल्व्ह १.७ मिलिमीटर उघडतो. हा फायदा फुकट मिळत नाही.

हिशेब करून पाहावा. ताकद वाढवलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना स्प्रिंगचा दाब १८० किलो धरला, तर पुशरॉडला त्याच्या १.७ पट, म्हणजे ३०६ किलोंचा जोर लावावा लागतो. टेकूवर आणि स्टडवर दोन्हींची बेरीज येते, ४८६ किलो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची अवस्था याहून बिकट. तो उघडायला लागतो तेव्हा सिलिंडरमध्ये जळालेल्या वायूचा दाब शिल्लक असतो. ४८ मिलिमीटर व्यासाच्या व्हॉल्व्हवर ६ बार दाब उरला असेल, तर शंभर किलोंहून जास्त बल आणखी ढकलायचे असते. सुपरचार्जर लावलेल्या इंजिनात हा उरलेला दाब आणखी वाढतो. अशा इंजिनात तपासणी करताना आधी एक्झॉस्टकडचे रॉकर पाहावेत, ते याच कारणाने.

आता हे किती वेळा घडते ते मोजू. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर प्रत्येक रॉकर मिनिटाला २५०० वेळा वाकतो, तासाला दीड लाख वेळा, शंभर तासांत दीड कोटी वेळा. मोटारीचे इंजिन महामार्गावर २००० फेऱ्यांच्या आसपास, तेही थोड्याशा थ्रॉटलवर रमतगमत चालते. बोटीला उतार नसतो, घरंगळत जाणे नसते. थ्रॉटल मिटला की पाणी तिला लगेच अडवते. त्यामुळे वेगवान बोटीचे इंजिन आयुष्याचा मोठा भाग डोंगर चढणाऱ्या गाडीसारखा भार घेऊनच फिरते. धातूला थकवा येतो हे जर्मनीच्या ऑगस्ट व्होलरने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले होते. एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा आला तर तोच तुकडा मोडतो. बोटीच्या रॉकरच्या वाट्याला व्होलरचा प्रयोग रोज येतो.

एवढ्यावर भागले असते तर प्रश्न नुसता मजबुतीचा राहिला असता. खरा घात होतो तो बोट लाटेवरून उडते तेव्हा. पंखा पाण्याबाहेर आला की इंजिनावरचा भार एका क्षणात नाहीसा होतो आणि फेरे उसळी घेतात. व्हॉल्व्हला मागे खेचण्यासाठी लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५२०० वरून ६२०० वर गेले तर फेरे १९ टक्क्यांनी वाढतात, पण लागणारे बल ४२ टक्क्यांनी. स्प्रिंगकडे तेवढे बल नसेल तर लिफ्टर कॅमवरून उचलला जातो, व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही, बसला की आपटून पुन्हा उडतो आणि रॉकरच्या दोन्ही टोकांना मोकळी फट पडते. ही फट दर फेरीला मिटते ती हातोड्याच्या घावाने. नंतर पंखा पुन्हा पाण्यात शिरतो आणि उलटा धक्का बसतो. ऑफशोअर शर्यतींच्या बोटींत सुकाणू एकाकडे आणि थ्रॉटल दुसऱ्याकडे असण्याची जी परंपरा आहे, तिचे एक मोठे कारण हेच. बोट पाणी सोडते त्याच क्षणी थ्रॉटल मागे घेणारा हात, माझ्या मते, महागड्या धातूपेक्षा जास्त रॉकर वाचवतो. रेव्ह लिमिटर हवाच, पण तो हाताची जागा घेत नाही.

स्प्रिंग नवी असते तेव्हा हे सगळे निभावते. उष्णतेने आणि सततच्या दाबाने ती हळूहळू मऊ पडते. इंजिन सुरूच राहते, बोट धावत राहते, मात्र जो वेग पूर्वी सुरक्षित होता तो आता सुरक्षित राहिलेला नसतो. दोन स्प्रिंगा एकात एक बसवलेल्या असतील तर आतली तुटूनही बाहेरची काम चालवते, आणि मंद वेगावर काहीच जाणवत नाही. म्हणून रॉकर तुटला की पहिले काम म्हणजे त्या सिलिंडरच्याच नव्हे, सगळ्या स्प्रिंगांचा दाब मोजणे. नव्या स्प्रिंगपेक्षा दहा टक्के दाब कमी झाला की पूर्ण संच बदलावा, असा बांधणी करणाऱ्यांचा सर्वसाधारण दंडक आहे आणि तो योग्य आहे. हेड न उतरवता, जागेवरच दाब मोजणारी साधने मिळतात, त्यामुळे सबबीला जागा नाही.

पाण्याची गोष्ट याहून फसवी. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये ते थंड राहावे म्हणून बाहेरचे पाणी सोडलेले असते. ताकदीसाठी घातलेल्या मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदमच उघडे असतात. बंदरात मंद वेगावर किंवा भरधाव बोटीचा थ्रॉटल झटकन मिटला असता सिलिंडर एक्झॉस्टमधून उलटी हवा ओढतो आणि तिच्याबरोबर ओल आत येते. समुद्राचे पाणी असेल तर खारीच ओल. बोट बांधून ठेवली की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर गंज चढतो आणि व्हॉल्व्ह गाइडमध्ये धरतो. काही आठवड्यांनी कोणी किल्ली फिरवतो. कॅम पुशरॉडला वर ढकलतो, व्हॉल्व्ह हलत नाही, मग मधले जे कमकुवत असेल ते जाते: पुशरॉड वाकतो, नाहीतर रॉकरचा पुशरॉडकडचा खळगा फुटतो. तुटलेला तुकडा हातात घेऊन कोणी ‘माल हलका होता’ म्हटले, तर ते निदान चूक आहे. व्हॉल्व्ह हाताने गाइडमध्ये हलवून पाहावा, दांड्यावरचा तांबूस रंग पाहावा. इलाज एक्झॉस्टमध्ये आहे: पाणी अगदी शेवटच्या टोकापर्यंत वेगळे नेणाऱ्या नळ्या, एक्झॉस्टचा भाग पाण्याच्या पातळीपेक्षा पुरेसा उंच, आणि कॅम निवडताना थोडा संयम.

हेच दुखणे आपल्या किनाऱ्यावरही आहे, फक्त इंजिन डिझेलचे आणि मंद चालीचे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दोन महिने दमट, खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह धरून बसू शकतो आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास पहिल्यांदा सुरू करताना पुशरॉड वाकू शकतो. टॅपेट कव्हर काढून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून, प्रत्येक रॉकर खालीवर होतो ना हे पाहून मगच स्टार्टर मारणाऱ्या नाखव्याला लेक हावासूच्या मेकॅनिकपेक्षा काही वेगळे सांगायची गरज नाही.

तेलाबद्दल थोडक्यात. बिग ब्लॉकमध्ये रॉकरला तेल पोकळ पुशरॉडमधून वर येते. मंद वेगावर ते कमी पोहोचते, आणि बंदरातून बाहेर पडेपर्यंत बोट बराच वेळ मंदच चालते. उलट, दीर्घकाळ भरधाव चालल्यावर तेल वरच टॅपेट कव्हरमध्ये साचते आणि खाली चेंबर रिकामा होऊ लागतो. तिसरी गोष्ट अशी की बाहेरचे थंड पाणी वापरून चालणाऱ्या इंजिनात तेल नीट तापतच नाही, त्यातली ओल आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही आणि तेल पातळ होत राहते. ऑईल कूलरबरोबर थर्मोस्टॅट नसेल तर कूलर नुकसानच करतो. टेकूवर निळसर रंग दिसला तर तिथे तेल पोहोचले नव्हते हे नक्की समजावे.

आता निदान. टॅपेटचा आवाज हे पहिले लक्षण म्हणतात. मोटारीत ते खरेही आहे. बोटीत मात्र मागून सुटणारा एक्झॉस्टचा गडगडाट आणि पाण्याचा आवाज यांत कानाला उशिरा कळते. दुसरी अडचण अशी की मोटारीत बंद पडलेला सिलिंडर शोधायला एक्झॉस्टच्या नळ्यांचे तापमान पाहतात, पण बोटीत त्या नळ्यांभोवती पाणी खेळत असते आणि सगळ्या सारख्याच थंड लागतात. म्हणून एकेका सिलिंडरची ठिणगी तोडून फेरे किती पडतात हे पाहणे जास्त भरवशाचे. दोन इंजिनांची बोट असेल तर शेजारचे निरोगी इंजिन ही उत्तम मोजपट्टी. सारख्या थ्रॉटलवर एकाचे फेरे कमी पडत असतील तर कारण शोधलेच पाहिजे.

कोणता रॉकर गेला हे इंजिन स्वतः सांगते. इनटेकचा गेला तर सिलिंडरमध्ये मिश्रण येतच नाही, तो गुपचूप मरतो. एक्झॉस्टचा गेला तर जळालेला वायू अडकतो आणि इनटेक उघडताच उलटा मॅनिफोल्डमध्ये फुटतो, खोकल्यासारखा आवाज येतो. बोटीत ही गोष्ट गंभीर आहे. इंजिन बंदिस्त जागेत असते आणि तिथे पेट्रोलची वाफ साचू शकते. अमेरिकेत बोटीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनांवर ज्वाला अडवणारी जाळी १९४० पासून सक्तीची आहे ती म्हणूनच. असा खोकला ऐकल्यावर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. पुन्हा सुरू करण्याआधी ब्लोअरने इंजिनघरातली हवा किमान चार मिनिटे बाहेर काढावी.

यानंतरची चाचणी मला फार मोलाची वाटते, कारण ती स्वस्त आहे आणि तरी टाळली जाते. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन या दोन्ही चाचण्या एकत्र वाचाव्यात. लीक-डाउनमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून गळती मोजतात. ती गळती कमी असूनही कॉम्प्रेशन फारच कमी येत असेल, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह धडधाकट आहेत, पण इनटेक व्हॉल्व्ह उघडतच नाही. म्हणजे हेड उतरवायची गरज नाही, टॅपेट कव्हर काढले की पुरे. एक्झॉस्टचा रॉकर गेला असेल तर मात्र कॉम्प्रेशन ठीकच दिसू शकते, म्हणून एकट्या त्या आकड्यावर विसंबू नये. कव्हर काढल्यावर डायल गेजने प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजावे. सगळे इनटेक आपसात आणि सगळे एक्झॉस्ट आपसात जुळले पाहिजेत. एखादा मिलिमीटरभर मागे असेल तर कॅम झिजली आहे, लिफ्टर बसला आहे किंवा स्टडवरचा नट सैल होतो आहे.

तुटलेला तुकडा फेकू नये. भंगाचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहिला तर बरेच कळते. काही भाग गुळगुळीत, त्यावर भरतीच्या रेषांसारखे वर्तुळखंड, आणि उरलेला खरबरीत असेल, तर तडा अनेक तास वाढत होता आणि शेवटी उरलेली धातू एका झटक्यात गेली. सगळाच पृष्ठभाग दाणेदार असेल तर एकच मोठा आघात झाला: व्हॉल्व्ह अडकला, पिस्टनला लागला किंवा स्प्रिंगची वेटोळी एकमेकांवर टेकली. या दोन प्रकारांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. व्हॉल्व्हच्या टोकावरचा घासल्याचा पट्टाही पाहावा. तो अरुंद आणि मधोमध हवा. रुंद किंवा कडेला सरकलेला असेल तर पुशरॉडची लांबी चुकली आहे आणि रॉकर व्हॉल्व्हला बाजूला रेटतो आहे. कमी-जास्त करता येणारा पुशरॉड लावून योग्य लांबी आधीच काढता येते. हेड तासल्यावर किंवा कॅम बदलल्यावर जुनेच पुशरॉड घालणे हा टाळता येण्याजोगा दोष आहे.

तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडाव्यात. सुईएवढ्या चकचकीत काड्या सापडल्या तर टेकूतले नीडल बेअरिंग फुटले आहे आणि त्या काड्या कॅम-लिफ्टरमध्येही गेल्या असण्याची शक्यता आहे. मग फक्त रॉकर बदलून इंजिन सुरू करणे म्हणजे पुढच्या मोठ्या खर्चाची सोय.

कोणता रॉकर घ्यावा, यावर जाणकारांत दोन तट आहेत. ड्रॅग शर्यतींतून आलेले लोक अ‍ॅल्युमिनियमचे रोलर रॉकर पसंत करतात: हलके, स्वस्त, धक्का थोडा शोषणारे. बोटींचे जुने बांधणीदार पोलाद किंवा स्टेनलेस मागतात. मला दुसरी बाजू पटते आणि तिचे कारण व्होलरपर्यंत जाते. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्या खालचा ताण ते जवळजवळ कायम सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, ताण कमी असला तरी त्याचे फेरे मोजलेलेच. ड्रॅगची गाडी काही सेकंद धावते, तिला ते पुरते. दीड कोटी फेरे शंभर तासांत संपवणाऱ्या बोटीला नाही. पोलाद जड म्हणून फेरे कमी मिळतील, ही भीतीही अर्धीच खरी आहे. टेकूजवळचे वजन फारसे हलत नाही, नाकाचे, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या टोकाचे, वजन हलते. नाक निमुळते केलेला पोलादी रॉकर प्रत्यक्षात अ‍ॅल्युमिनियमच्या जाड रॉकरच्या फार मागे नसतो. ज्याच्याकडे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत त्याने ते लगेच काढावेत असे नाही, तास मोजून ठराविक काळाने बदलावेत.

नीडल बेअरिंग की कांस्याची बुश, हा दुसरा वाद. बेअरिंग पूर्ण फेरा फिरण्यासाठी असते. रॉकर काही अंशांतच मागेपुढे होतो, त्यामुळे भार त्याच त्या दोन-चार सुयांवर येत राहतो. शेव्हर्लेच्या नव्या एलएस घराण्यातल्या मूळ रॉकरमध्येही सुया सुट्या असल्याने त्या बाहेर पडण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की बुश किंवा पिंजऱ्यातले बेअरिंग बसवण्याचे संच बाजारात आले. तेल मुबलक पोहोचत असेल तर बोटीसाठी बुश बरी. ती झिजते, पण सुयांचा वर्षाव करत नाही.

स्टडबद्दल वाद उरलेला नाही. उंच स्टड आडव्या जोराने वाकतो आणि आट्यांच्या मुळाशी तुटतो. सगळ्या स्टडना एकत्र बांधणारी पट्टी हा मधला उपाय. जेसेल, टी अँड डी यांसारख्या कंपन्यांची शाफ्टवर बसणारी रचना हा पूर्ण उपाय, महाग असला तरी. पुशरॉड जाड आणि ताठ घ्यावा, कारण त्याचे वजन रॉकरच्या भुजांच्या गुणोत्तरामुळे व्हॉल्व्हच्या बाजूला १.७ च्या वर्गाने, म्हणजे जवळपास तिपटीने कमी जाणवते. पातळ पुशरॉड वाचवतो काही ग्रॅम आणि वाकून-सरळ होऊन सगळ्या साखळीत कंप सोडतो.

मर्क्युरी रेसिंगने २०१० मध्ये वेगळाच मार्ग घेतला. ९ लिटरचे १३५० अश्वशक्तीचे नवे इंजिन त्यांनी मोटारीवरून न घेता स्वतः घडवले आणि कॅमशाफ्ट हेडवरच चढवले. पुशरॉड गेला, स्टड गेला, लांब भुजेचा रॉकर गेला. २०१९ च्या ४५० अश्वशक्तीच्या आउटबोर्डमध्येही कॅम डोक्यावरच आहेत. ज्याला परवडते त्याच्यासाठी प्रश्न तिथे संपतो. पण पुशरॉडची हजारो इंजिने अजून पाण्यात आहेत आणि बरीच वर्षे राहतील.

त्यांच्या मालकांना माझी विनंती खर्चाची नाही, नोंदीची आहे. पंख्याचा पिच असा निवडा की पूर्ण थ्रॉटलवर, नेहमीच्या वजनासह, फेरे कारखान्याने दिलेल्या पट्ट्यातच राहतील. एक इंच पिचने साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. स्प्रिंगांचा दाब दर हंगामाला मोजून वहीत लिहा. जुनी बोट विकत घेताना नुसता तासांचा मीटर पाहून पैसे मोजू नका. अनेक आधुनिक इंजिनांच्या संगणकात कोणत्या फेऱ्यांवर किती तास गेले याची नोंद असते, ती मागा. मर्यादेच्या वरच्या पट्ट्यात तास दिसले आणि स्प्रिंगा बदलल्याची पावती नसेल, तर रॉकर, स्प्रिंग आणि लिफ्टर यांचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.